नांदुऱ्यातला ठिपका

बुलढाणा,
२ नोव्हेंबर २०२५

छकुली,

दिवाळी करून तू नांदुऱ्याला परत गेलीस आणि त्याच आठवड्यात मी वर्षभर मनात असलेलं काम करून टाकलं. आईला फोन घेतला. बटणांचा नाही, मोठ्या पडद्याचा, माझ्या पगारातून.

संस्थेकडून गावोगावच्या बचत गटांत जाऊन मी बायकांना हेच तर शिकवते, की फोन चोरीला जाऊ नये, हरवू नये म्हणून काय करायचं, आणि गेलाच तर काय करायचं. आणि माझ्या स्वतःच्या आईला कोणाशी बोलायचं असलं की शेजारी तानाबाईंच्या दारात जाऊन उभं राहावं लागायचं. मला त्याची लाज वाटत होती.

गेल्या रविवारी गावी जाऊन सगळं करून दिलं. फोनला लॉक लावलं. सिमलाही पिन लावला, म्हणजे कोणी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी चालायचं नाही. खोक्यावरचा पंधरा आकडी नंबर उतरवून रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवला, कारण तक्रार करताना तोच लागतो. शिवाय तो फोन माझ्या फोनशी जोडून घेतला. आता आईचा फोन कुठेही असो, मला नकाशावर ठिपका दिसतो. इथे बसून मी तो वाजवू शकते, मग तो सायलेंट का असेना. लॉक करू शकते. त्याच्या पडद्यावर निरोपही लिहू शकते.

आईला एकच नियम घोकायला लावला. फोन अंगावेगळा करायचा नाही. कापूस वेचायला गेलीस तर बांधावर ठेवायचा नाही, भाकरीच्या पिशवीत ठेवायचा नाही. अंगाशीच पाहिजे. आईने सगळं मान डोलावून ऐकलं. मला वाटलं, आता काहीतरी विचारेल. तिने विचारलं, "याच्यावरून छकुलीले लावता येते न?"

मी लावून दिला. दीपकरावांनी उचलला, तू पाणी भरत होतीस म्हणाले.

मग पडद्यावर फोटो कोणता ठेवायचा ते विचारलं. मी माझा पदवीचा काढून ठेवला होता, काळ्या झग्यातला. आई म्हणाली, "हा भिंतीवर हाये न. इथी छकुलीचा लाव, हळदीचा." लावला. आपल्या घरातून पहिल्यांदा कोणी पदवी घेतली, पण आईच्या हातातल्या फोनवर तू हसतेस, अंगभर हळद लावून.

हे मी चेष्टेने लिहिते आहे, असं समज.

तुझी,
वंदना

---

नांदुरा,
१० नोव्हेंबर

मास्तरीणबाईंना छकुलीचा नमस्कार.

ताई, तुझं पत्र सासूबाईंच्या हातात आलं. त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "आता कोन लिहिते व पत्र? फोनावर बोलता येत नाही काय तुया बहिणीले?" मी म्हटलं, तिला शिकलेल्यांची हौस आहे. खरं कारण त्यांना कसं सांगू? घरात एकच फोन, तो यांचा. हे दिवसभर जिनिंगच्या कारखान्यात. संध्याकाळी आले की फोन मिळतो, पण सासूबाई म्हणतात, "स्पीकर लाव, मले बी ऐकू दे." मग मी आणि माय दोघी मिळून सासूबाईंना भाजीचे भाव ऐकवतो.

मायनं फोन घेतल्याचं तिच्याकडूनच कळलं होतं. एवढी खूश होती! "वंदीनं घेतला, वंदीनं शिकवला, वंदीले सारं येते." पाच मिनिटं बोलली, त्यात तुझं नाव किती वेळा आलं ते मोजायचं राहिलं. तू हळदीच्या फोटोवरून जळतेस होय? अग, बाबांनी तुझा झग्यातला फोटो दाराच्या समोर लावलाय. येणाऱ्या प्रत्येकाला चहा मिळायच्या आधी तो पाहावा लागतो. माझ्या लग्नाचा अल्बम लोखंडी पेटीत, गोधड्यांच्या खाली. बारावीनंतर मला विचारलं कोणी, की छकुली, तुले शिकायचं काय? "एकीनं शिकलं, बस झालं." ती एक तू.

बरं जाऊ दे. इकडे कापसाचा हंगाम जोरात आहे. गाड्यांवर गाड्या येतात. यांचं काम गाड्या खाली करायचं, रात्री अंगातून रुई झटकली की दुसरी गादी भरेल. आमचं घर जिनिंगच्या मागेच, पण मधी रेल्वेचा रूळ. लांबून फिरून जावं लागतं.

मायले म्हटलं मी त्या दिवशी, स्पीकर असूनही म्हटलं, "माय, मले एक साधा फोन असता तं किती बरं झालं असतं." माय काही बोलली नाही. सासूबाई मात्र दोन दिवस बोलल्या.

तुझी न शिकलेली,
छकुली

---

बुलढाणा,
२३ नोव्हेंबर

छकुली,

तू मागितलास आणि आईने दिला. एवढं साधं आहे ना?

मला फोनचं दुःख नाही. तू खोटं बोलू नयेस, एवढ्यासाठी सगळं क्रमाने लिहिते.

शनिवारी सकाळी आईला फोन लावला. उचलला नाही. दुपारी लावला, नाही. संध्याकाळी तानाबाईंच्या फोनवर लावला. आई आली आणि म्हणाली, "चार्जिंगले लावला बाई." आवाज ऐकून मला समजलं की काहीतरी लपवते आहे. मी नकाशा उघडला. ठिपका आपल्या गावात नव्हता, धाडच्या बाजारात नव्हता, बुलढाण्यात नव्हता. नांदुऱ्यात होता. जिनिंगजवळ.

आज रविवारी सकाळच्या गाडीने गावी गेले. आई अंगणात नव्हती. बाबा म्हणाले, कालपासून पऱ्हाटीतच आहे, काय शोधते कोणास ठाऊक. शेतात गेले तर ती वाकून कपाशीच्या ओळींमधून चालत होती. वेचायला काही शिल्लक नव्हतं, पहिला वेचा शुक्रवारीच झाला होता. मी विचारलं, "आई, फोन छकुलीला दिलास का?"

तिने सरळ होऊन माझ्याकडे पाहिलं.  मग म्हणाली, "हाव. देला."

तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं. तुला देऊन तिचं ओझं उतरलं, असं मला वाटलं. कोणाबरोबर पाठवला ते मी विचारलंही नाही. परतीच्या गाडीत बसले.

लहानपणी मांडे केले की पहिला मांडा तुझ्या ताटात. तुला ताप आला की आई रात्रभर तुझ्या उशाशी, मला आला की गोळी आणि "अभ्यास कर." मी नेहमी समजून घेतलं, कारण तू लहान. छकुली, मी वसतिगृहात एक भाजी दोन वेळा खाऊन शिकले, ते आईच्या हातात काहीतरी माझं असावं म्हणून. तेवढं एक माझं होतं. तेही तिने तुला दिलं, आणि तू घेतलंस.

मी तो फोन आता इथून लॉक केला आहे. तुला तो उघडता येणार नाही. पडद्यावर तुझ्यासाठी चार शब्द लिहिले आहेत, ते वाच. आणि आत्ता, हे लिहिता लिहिता, तो वाजवते आहे. पूर्ण आवाजात पाच मिनिटं वाजतो तो. उशीखाली लपवलास तरी तुझ्या सासूबाईंना ऐकू जाईल.

वंदना

---

नांदुरा,
२८ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र जिनिंगवर काम करणारी अमीरबी पोस्टात टाकणार आहे. मला बाहेर जायला बंदी आहे. का, ते वाच.

तू लिहिता लिहिता फोन वाजवलास. तो उशीखाली वाजला नाही. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंजीत वाजला. दिवेलागणीची वेळ होती. अमीरबी आणि आणखी दोघीतिघी कापसातला कचरा वेचत होत्या. गंजीच्या पोटातून गाणं यायला लागलं. पहिल्यांदा बायका पळाल्या. मग अमीरबीनं हात घालून ढीग उपसला आणि फोन बाहेर काढला. तो ढीग पुढच्या घटकेला मशीनवर जाणार होता. अमीरबी म्हणते, बॅटरी मशीनीत गेली असती तर ठिणगी पडली असती आणि सगळी जिनिंग पेटली असती. म्हणजे तू रागानं वाजवलास म्हणून जिनिंग वाचली. हेही तुझ्याच नावावर जमा. नेहमीसारखं.

सुपरवायझर आला. पडद्यावर तुझे चार शब्द होते. त्यानं मोठ्यानं वाचले. "छकुली, हा फोन आईचा आहे. चोरून घेतलेलं पचत नाही. वंदना."

आणि मागे, त्या अक्षरांच्या मागे, माझा हळदीचा फोटो.

हे तिथंच उभे होते, पाठीवर गाठोडं घेऊन. सगळे ओळखतात मला. ह्यांचा डबा घेऊन जाते मी. कोणीतरी म्हणालं, "दीपक, ही तं तुई बायको हाये बे!" सगळे हसले. मग सुपरवायझरनं विचारलं, चोरीचा माल कापसात लपवायला तुला जिनिंगच सापडली का? चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नको म्हणाला. फोन त्यानं टेबलाच्या खणात ठेवलाय.

घरी आल्यावर सासूबाईंनी ह्यांच्या फोनवरून मायला लावला. स्पीकरवर. "शालूबाई, तुमचा फोन तुमच्या पोरीनं चोरला काय?" मी मधे काही बोलायच्या आत माय म्हणाली, "नाही व बाई, चोरन कायची? मीच देला तिले."

मायला वाटलं असेल, पोरीला चोर म्हणतात, तिला वाचवावं. पण ताई, त्यानंतर काय झालं ते तुझ्या नकाशात दिसणार नाही. मायनं दिला म्हणजे माझ्याकडे होता. माझ्याकडे होता तर घरात कोणाला का सांगितलं नाही? जिनिंगवर का लपवला?  रात्री हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "कोनाशी बोलाले लपवला होता?"

लग्नाला दीड वर्ष झालं. ह्यांनी कधी आवाज चढवला नाही. आताही चढवला नाही. पण काल मी दारात भाजीवाल्याशी बोलले तर हे बाहेर येऊन उभे राहिले. पाणी भरायला सासूबाई सोबत येतात. तू फोनला लॉक लावलंस, लागलं मात्र मला.

अमीरबीनं सांगून पाहिलं सगळ्यांना. "फोन गंजीच्या मधातून निकला. वरून ठेवला असता तं वरच राह्यला असता. गाडीतूनच आला तो." कोण ऐकतं तिचं.

मला कळलंय काय झालं ते. तू कधी वेचायला गेली असतीस तर तुलाही कळलं असतं. माय वेचताना कमरेला बांधलेल्या ओटीत पान-सुपारीचा बटवा ठेवते, कापसाच्या खाली. ओटी भरली की उलटी करून मोकळी होते. दोन वेळा तिचा बटवा ढिगात गेला होता. मी आणि माय, दोघींनी ढीग उपसून काढला. हसून हसून पोट दुखलं होतं. तू तेव्हा कॉलेजात होतीस.

तूच सांगितलं होतंस ना तिला, अंगाशी ठेव? वेचताना बाईच्या अंगाशी काय असतं ताई? ओटी.

आणि एक विचारते. तू गावोगाव बायकांना नकाशा दोन बोटांनी मोठा करून पाहायला शिकवतेस. माझ्या वेळी केलास का मोठा? ठिपका रुळाच्या कोणत्या बाजूला होता?

छकुली

---

बुलढाणा,
९ डिसेंबर

छकुली,

परवा मी आईला घेऊन तुझ्या घरी आले. तू चहा ठेवलास, कप आणून दिलास आणि आत गेलीस, ती आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाहीस. बरोबरच केलंस. पण तू आत होतीस म्हणून काही गोष्टी तुला कळल्या नाहीत, त्या लिहिते.

तुझं पत्र मिळाल्याबरोबर मी नकाशा उघडला आणि मोठा केला.  फोन शुक्रवारी कुठे कुठे होता ते त्यात सगळं होतं. दुपारी आपलं शेत. संध्याकाळी आपलं अंगण. मग धाडचा रस्ता, मोताळा, आणि नांदुरा, रुळाच्या अलीकडे, जिनिंगच्या आवारात. रुळाच्या पलीकडे तो एकदाही गेला नव्हता. हे सगळं माझ्या हातात होतं, त्या शनिवारपासून. मी पाहिलं नाही, कारण मला जे दिसायचं होतं ते ठिपका लहान असतानाच दिसलं होतं.

मी गावी गेले. आई चुलीपुढे होती. म्हटलं, "आई, फोन ओटीत होता का?"

तिने भाकर तव्यावरून खाली ठेवली. "कोनं सांगतलं तुले?"

"छकुलीने."

"तिले बरं समजलं." आणि हसली. मग रडायला लागली. त्या शुक्रवारी तानाबाईशी बोलता बोलता तिने ओटी मोकळी केली. बाबांनी अंगणातला कापूस त्याच संध्याकाळी नांदुऱ्याला माल नेणाऱ्या कय्यूमभाईंच्या गाडीत भरून दिला. तुला फोन लावायची वेळ झाली तेव्हा तिला आठवलं. तिला वाटलं, पऱ्हाटीतच पडला असेल. दोन दिवस शोधत होती.

"मग मला खोटं काऊन सांगितलंस?" माझ्या तोंडून 'का' न येता असंच आलं, काऊन.

"तू साऱ्या गावाले शिकवतं, फोन कसा सांभाळा. पुढच्या हप्त्यात आपल्याच गावच्या गटात तुयी मीटिंग होती. घरचाच फोन गेला म्हनलं असतं तं बाया तोंडावर हसल्या असत्या तुले. मी काय सांगू, काय सांगू करत होती, तं तूच म्हनली, छकुलीले देला काय. म्हनलं, हाव, हेच बरं. छकुली काही मनावर घेत नाही."

छकुली, मी हे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत. शेवटचं वाक्यसुद्धा.

तुझ्याकडे यायच्या आधी आम्ही जिनिंगवर गेलो. दीपकरावांना मी निरोप धाडला होता, ते गेटपाशी आले. माझ्याकडे पाहत नव्हते. सुपरवायझरच्या टेबलावर रेशनकार्डातला पंधरा आकडी नंबर ठेवला, फोनशी जुळवून दिला. नकाशा दाखवला, शेतापासून गंजीपर्यंत. कय्यूमभाईंच्या गाडीची पावती जिनिंगच्या दप्तरातच होती, तारीख तीच. तो म्हणाला, "मग ते चोरीचं कोणी लिहिलं होतं?" मी म्हटलं, "मी. मला वाटलं बहिणीने घेतला. तिने घेतला नव्हता. मला तिचा हेवा वाटत होता, म्हणून मी विचारपूस न करता लिहिलं." तिथे आठ-दहा माणसं उभी होती. आधीही होती म्हणालीस ना? म्हणून मी मोठ्याने बोलले.

मग आई पुढे झाली. पदर सावरला आणि दीपकरावांना म्हणाली, "जावाईबापू, मी दोनदा खोटं बोलली. एकदा मोठीसाठी, एकदा लहानीसाठी. माया लहानीनं तो फोन हातात बी नाही घेतला. तुमाले तिच्यावर राग असन तं तो माया अंगावर काढा." दीपकराव खाली पाहत म्हणाले, "नाही माय, राग नाही."  बाजूला अमीरबी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मैं तं पहलेच बोली थी."

तुझ्या सासूबाईंसमोर आईने तेच पुन्हा सांगितलं, ते तू आतून ऐकलंच असशील.

तू मला माफ कर असं मी लिहिणार नाही. दीपकराव परत कामाला कधी लागतील माहीत नाही, पण तुझं उत्तर येईपर्यंत मी संस्थेत वर्ग घेणार नाही, असं सांगून आले आहे.

वंदना

---

नांदुरा,
१७ डिसेंबर

ताई,

वर्ग बंद करायचं नाटक कशाला? बायकांचे फोन काय मी घेऊन बसलेय? जा आणि शिकव.

हे गेल्या बुधवारपासून कामावर जातायत. सुपरवायझर स्वतः घरी आला होता. सासूबाईंनी त्याला चहा दिला आणि म्हणाल्या, "आमची सून तसली नाहीच, मी तं पह्यल्या दिवसापासून म्हनत होती." मी आत हसू दाबून बसले. काल ह्यांनी बाजारातून येताना साधा फोन आणला, बटणांचा. टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हा तुया. स्पीकर खराब हाये याचा, आधीच सांगतो." दुकानात चालवून पाहिला म्हणाले, स्पीकर नसलेलाच हवा होता.  आणि रात्री ते भिंतीकडे तोंड करून झोपले नाहीत.

आता तुझ्याशी. माझा राग गेला का? नाही. कमी झाला म्हण.

तू लिहिलंस, मायचे शब्द जसेच्या तसे लिहिले. "छकुली काही मनावर घेत नाही." ताई, ते वाक्य मी कितीदा वाचलं सांगू? तू सगळं आयुष्य मांड्याचं रडतेस. पहिला मांडा मला मिळायचा कारण मी रडायचे. तू रडत नव्हतीस. तुझं नाक खाली होऊ नये म्हणून माय दोन दिवस उन्हात काटेरी बोंडांतून फिरली, खोटं बोलली, आणि ते खोटं माझ्या नावावर टाकलं. कारण मला चालतं. मला काय, मी छकुली. तुला जपायचं असलं की मला पुढे करतात. मांडा मोठा की हे मोठं, सांग बरं, शिकलेली आहेस ना?

माय इथं आली होती तेव्हा आत येऊन माझ्या डोक्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "तुया ताईनं सारं जमवलं बाई, एवढ्या माणसाईत बोलली." माझ्यासाठी आली होती, आणि जाताना तुझं कौतुक करून गेली.

जळते मी तुझ्यावर. लिहून टाकलं. आता तू पण लिही, म्हणजे दोघी मोकळ्या होऊ.

माझा नवा नंबर खाली देते. पण पत्र सोडू नकोस. फोनवर तू मास्तरीण होतेस.

छकुली

---

बुलढाणा,
२८ डिसेंबर

छकुली,

लिहिते. जळते मी तुझ्यावर. अजूनही. तुझं पत्र वाचून मला वाटलं होतं, आता कळलं म्हणजे थांबेल. नाही थांबलं. फक्त आता ते कुठे आहे हे मला दिसतं, आणि मी ते मोठं करून पाहते.

आपल्या गावच्या गटात राहून गेलेली मीटिंग घेतली. नेहमीचं सगळं सांगितलं, लॉक, पिन, पंधरा आकडी नंबर. मग ओटीचं सांगितलं. आपल्या घरचं म्हणूनच सांगितलं, फोन कसा गेला, मी पडद्यावर काय लिहिलं आणि ते कोणी वाचलं. म्हटलं, हरवलेल्या फोनवर जे लिहाल ते अनोळखी माणूस वाचणार आहे हे धरून लिहा. बायका हसल्या. मायला भीती होती तशाच हसल्या, तोंडावर. मग तानाबाई म्हणाल्या, "आव, माया तं दोनदा गेला ओटीतून, मी सांगतलंच नाही कोनाले." मग आणखी दोघींनी हात वर केले. शेवटी माय उठली आणि तिने शिवलेला खिसा दाखवला. परकराला आतून, झाकण असलेला, वर टिचबटण. आता प्रत्येकीला तसा पाहिजे. माय म्हणते, पहिला छकुलीचा शिवते.

मी ते ऐकलं आणि मला जे व्हायचं ते झालं. मग मी कापड धरलं आणि तिने कापलं. तो खिसा या पत्राबरोबर पाठवते आहे. टाके तिचे, टिचबटण मी लावलंय. थोडं वाकडं लागलंय.

काल मायच्या फोनवर नवा निरोप लिहायचा होता. फोन सापडला तर कोणाला कळवायचं, तेवढाच. तिला विचारलं, "काय लिहू?" ती म्हणाली, "लिही, माया पोरीले सांगा."

मी विचारलं नाही कोणत्या. तिने तुझा नंबर सांगायला सुरुवात केली. तोंडपाठ आहे तिला, तुझा नवा नंबर, येऊन दोन आठवडे नाही झाले. बोट थोडं थांबलं माझं, मग मी टाइप केलं. तुझं नाव, तुझा नंबर. मग ती म्हणाली, "आता तुया." माझा तिला पाठ नाही. म्हणाली, "तुया काऊन पाठ करू? तू तं सोताच लावतं मले."

पडदा मोठा असला तरी निरोपाला जागा एकाच ओळीची, एवढं सगळं एका वेळी मावत नाही. ओळ सरकत राहते. आधी तुझं नाव येतं, तुझा नंबर येतो. माझं यायला जरा वाट पाहावी लागते.

मी वाट पाहिली. येतं.

तुझी ताई,
वंदी